कुमारांसाठी लिहिण्याची वर्षं

कुमारवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्याचा वाचक फार काळ त्याच्यापाशी राहत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी तो आपलं पुस्तक हातात घेतो आणि अठरा पूर्ण होईपर्यंत पुढे निघून जातो. मोठ्यांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचं तसं नसतं, त्यांचे वाचक त्यांच्याबरोबर वयाने वाढतात. माझी पहिली कादंबरी ज्या मुलांनी शाळेच्या वाचनालयातून नेली ती आता नोकऱ्या करतात. मी मात्र अजूनही त्याच वयाच्या, पण दुसऱ्याच मुलांसाठी लिहिते आहे. या लेखनात येऊ पाहणारे बरेच जण मला विचारतात की पुस्तक प्रत्यक्षात घडतं कसं आणि पुढे त्यावर निर्वाह कसा चालतो. म्हणून माझ्यापुरतं ते कसं झालं ते इथे लिहिते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. शिकवण्यातून या लेखनाकडे आलेले लेखक पुष्कळ आहेत. इंग्लंडचे फिलिप पुलमन अनेक वर्षं शाळेत शिक्षक होते. ऑस्ट्रेलियाच्या मेलिना मार्चेटा यांची पहिली कादंबरी १९९२ मध्ये आली, आणि त्यानंतरही त्या बरीच वर्षं वर्गावर जात होत्या. वर्गात वावरणाऱ्याला मुलांचं बोलणं आयतंच ऐकायला मिळतं असं लोकांना वाटतं, पण शिक्षकासमोर मुलं जपूनच बोलतात. खरं दिसतं ते त्यांच्या बसण्याच्या जागांवरून. दोघी मैत्रिणी वर्षानुवर्षं एका बाकावर बसतात आणि एक दिवस त्यांतली एक उठून दुसरीकडे बसायला लागते. भांडण झालेलं नसतं, कुणी कुणाला काही बोललेलं नसतं. मागे राहिलेली मुलगी आठवडाभर दप्तर शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवते, मग तेही बंद करते. प्रेम मोडलं तर निदान चार जण समजूत घालायला येतात. मैत्री अशी निमूटपणे संपली तर त्याला कुणी दुःखच मानत नाही. माझी पहिली कादंबरी त्या मागे राहिलेल्या मुलीची होती.

पहिला खर्डा मी शाळेला जाण्यापूर्वीच्या वेळात लिहिला. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रोज थोडं लिहायचं, मागे वळून वाचायचं नाही, शेवटापर्यंत जायचं, एवढंच. अशा कादंबऱ्या साधारण पन्नास ते ऐंशी हजार शब्दांच्या असतात असं इंग्रजी प्रकाशनाच्या जगात धरतात. माझा खर्डा त्याच्या आतबाहेर होता.

खरं काम संपादकांच्या पत्रानंतर सुरू झालं. नवीन लिहिणाऱ्यांना हा टप्पा बहुधा ठाऊक नसतो. हस्तलिखित स्वीकारलं गेलं की ते छपाईला जातं असं वाटतं, पण आधी येतं ते संपादकाचं लांबलचक पत्र. त्यात शुद्धलेखनाचा शब्दही नसतो. कादंबरी कुठे उभी राहते, कुठे पडते, कोणतं पात्र कशासाठी आहे, याचा तो ताळेबंद असतो. माझ्या पत्रातला एक मुद्दा मला पुढची सगळी वर्षं पुरला. संपादकांनी लिहिलं होतं की ही मुलगी पंधराची आहे, पण तिच्या मागे कुणीतरी मोठं माणूस उभं राहून तिला समजूत पुरवतं आहे. समासात त्यांनी तशा जागांवर खुणा केल्या होत्या. ‘पुढे मला कळणार होतं’, ‘तेव्हा ते मला समजलं नाही’, ‘आज मागे वळून पाहताना’: अशी वाक्यं पानोपानी होती.

मोठ्यांच्या कादंबरीत अशी वाक्यं चालतात, कित्येकदा तीच तिची गोडी असते. माणूस आपलं लहानपण सांगतो आणि सांगताना त्याचा अर्थही लावतो. कुमारांची कादंबरी मात्र मुलगा किंवा मुलगी त्या क्षणाच्या आत असताना घडते. पुढे सगळं ठीक होतं हे निवेदकाला ठाऊक असेल तर त्याच्या प्रत्येक वाक्यात तो दिलासा झिरपतो. पंधराव्या वर्षी वाचणाऱ्याकडे तो दिलासा नसतो, त्यामुळे त्याला ती गोष्ट आपली वाटत नाही. आपल्याला कुणीतरी समजावतं आहे हे त्याला दुसऱ्या पानावर कळतं आणि तो पुस्तक मिटतो. या लेखनात भाषा सोपी असावी, प्रकरणं छोटी असावीत, असं पुष्कळ सांगितलं जातं. माझ्या मते त्या गोष्टी दुय्यम आहेत. निवेदकाला किती ठाऊक असावं, हा पहिला प्रश्न.

पुनर्लेखनात भविष्याचं ज्ञान खोडणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. अवघड गेलं ते दुसऱ्यांच्या मनाबद्दलचं ज्ञान. खर्ड्यात एक वाक्य होतं: ‘ती माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण तिच्या घरी जे चाललं होतं ते तिला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं.’ हे खरं होतं, पण नायिकेला ते कळायला वाव नव्हता. नुसतं खोडलं असतं तर तिथे पोकळी राहिली असती, कारण त्या वयाची मुलं कारण न शोधता बसत नाहीत. ती कारणं शोधतात, ठामपणे शोधतात, आणि बहुतेक वेळा चुकीची शोधतात. म्हणून ते वाक्य असं झालं: ‘मी त्या दिवशी तिच्या चित्राला हसले होते. म्हणूनच. दुसरं काही असूच शकत नाही.’ ही चुकीची समजूत नायिका पुढची कित्येक प्रकरणं बरोबर वागवते. तिच्या पायी ती माफी मागते, रागावते, दुसऱ्या मुलींशी खोटं वागते. अर्धं कथानक त्या एका गैरसमजातून निघालं. वाचणाऱ्या मुलांना मधूनमधून खुणा मिळत जातात, ती नायिकेच्या थोडी पुढे जातात, आणि तिला हाक मारावीशी वाटते. मुलांनी मला नंतर जी पत्रं लिहिली त्यांत याच जागेचा उल्लेख सर्वांत जास्त होता.

मग काळाचं मोजमाप बदलावं लागलं. मी शिक्षिका होते, वर्षाच्या हिशेबाने विचार करायची सवय होती. खर्ड्यात ‘दोन महिने असेच गेले’ असं सहज लिहिलं होतं. पंधराव्या वर्षी दोन महिने असेच जात नाहीत. निरोप पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतची एक संध्याकाळ त्या वयात एक प्रकरणभर असू शकते. मी ती संध्याकाळ एक प्रकरणभर लिहिली. उलट मोठ्यांना महत्त्वाच्या वाटणाऱ्या कित्येक गोष्टी, परीक्षेचा निकाल, घरातली आर्थिक ओढाताण, अशा ओळी-दोन ओळींत आल्या. त्या तिथे होत्या, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

या काळात ॲन फ्रँकबद्दल वाचलेलं मला सारखं आठवे. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून होणाऱ्या डच रेडिओप्रसारणात, नेदरलँड्सच्या परागंदा सरकारातल्या शिक्षणमंत्र्यांनी युद्धकाळातल्या दैनंदिन्या आणि पत्रं जपून ठेवा, असं आवाहन केलं. ते ऐकून ॲनने आपलीच दैनंदिनी पुस्तकासाठी नव्याने लिहायला घेतली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तेराव्या वर्षी लिहिलेल्या नोंदी सुट्या कागदांवर पुन्हा लिहीत होती. काही नोंदी तिने गाळल्या, काही सौम्य केल्या, काही जोडल्या. त्याआधी, जानेवारी १९४४ मध्ये, आईबद्दल आपणच लिहिलेलं जुनं वाचून ती हादरली होती, आणि हेही तिने लिहून ठेवलं आहे. तेरा आणि चौदा यांच्यातलं अंतर एवढं असतं. चाळिशीतल्या लेखकाने पंधराव्या वर्षाचा आवाज काढायचा म्हणजे केवढं अंतर ओलांडायचं, याची कल्पना त्यावरून करता येते. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांना ते ओलांडावंच लागलं नाही. त्यांनी आपली पहिली कादंबरी शाळेत असतानाच लिहायला घेतली, आणि ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या जेमतेम अठराच्या होत्या. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे पाहून समीक्षकांनी ती बाजूला सारू नये, म्हणून प्रकाशकांच्या सूचनेवरून नावाऐवजी फक्त आद्याक्षरं छापली गेली. आपल्या वर्गातल्या मुलांचं जग कुठल्याच पुस्तकात दिसत नाही, हे त्यांच्या लिहिण्याचं कारण होतं. इतकं सरळ कारण मला हेवा वाटावा इतकं आवडतं.

भाषेबद्दल एक निर्णय मी तेव्हा घेतला आणि आजही पाळते. मुलांचे आजचे खास शब्द मी कादंबरीत घालत नाही. पुस्तक लिहून, संपादित होऊन, छापून येईपर्यंत ते शब्द शिळे झालेले असतात, आणि मुलांना शिळा शब्द लगेच खटकतो. शब्दांपेक्षा बोलण्याची घडण टिकते: अर्ध्यावर सोडलेलं वाक्य, प्रश्नाला प्रश्नाने दिलेलं उत्तर, ‘काही नाही’ म्हणण्याच्या नाना तऱ्हा. ‘काही नाही’ या उत्तरावर मी एक अख्खा प्रसंग लिहिला आहे.

दुसरा खर्डा तयार झाल्यावर मी तो माझ्या वर्गाबाहेरच्या, मला न ओळखणाऱ्या काही मुलांना एका परिचित ग्रंथपालांमार्फत दिला. ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही, हे ग्रंथपालांनीच सुचवलं. त्याऐवजी, वाचताना जिथे पुस्तक खाली ठेवलं त्या पानावर खूण करा, एवढंच सांगितलं. हा उपाय मी सर्वांना सुचवते. मुलं सभ्य असतात, तोंडावर वाईट बोलत नाहीत, पण खुणा सगळं सांगतात. एकाच प्रकरणावर बऱ्याच जणांची खूण होती, ते प्रकरण मी काढून टाकलं. एका मुलीने मात्र खुणेशेजारी लिहिलंही होतं, की या आईला प्रत्येक वेळी बरोबर तेच कसं सुचतं? तिचं म्हणणं रास्त होतं. कुमारांच्या पुस्तकात एखादा मोठा माणूस गुंता सोडवून देऊ लागला की पुस्तक मुलांच्या हातून निघून जातं. आईच्या तोंडची वाक्यं मी निम्म्यावर आणली, आणि उरलेल्यांपैकी काही तिने भलत्याच वेळी बोलावीत असं केलं.

संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्रूफं, हे पुढचे टप्पे ठरल्या क्रमाने झाले. मुखपृष्ठावर लेखकाचं मत विचारतात, निर्णय बहुधा प्रकाशकाचा असतो. माझी एकच विनंती होती, मुलीचा चेहरा दाखवू नका. वाचणारीला आपला चेहरा तिथे ठेवता यावा. ती मान्य झाली.

कराराबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण लिहिणारे आनंदाच्या भरात तो न वाचताच सही करतात. आगाऊ मानधन मिळतं ते पुढच्या रॉयल्टीतून वळतं केलं जातं. तेवढी रॉयल्टी विक्रीतून जमा होईपर्यंत लेखकाला आणखी काही मिळत नाही. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हे पाहायलाच हवं, कारण टक्केवारी तीच असली तरी दोन्हींत बराच फरक पडतो. अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांचे हक्क कुणाकडे राहतात तेही पाहावं. आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क लेखकाकडे परत केव्हा येतात, हे कलम आमच्यासाठी विशेष महत्त्वाचं आहे. कुमारांचं पुस्तक हळूहळू, शाळा-वाचनालयांतून, वर्षानुवर्षं खपू शकतं. दर काही वर्षांनी नवे वाचक त्या वयात येतात, म्हणून छपाई थांबू देता कामा नये. वाचनालयांतून पुस्तक नेलं जाण्याबद्दल लेखकाला मोबदला देण्याची पद्धत काही देशांत आहे. डेन्मार्कने ती सर्वांत आधी, १९४६ मध्ये, सुरू केली. ब्रिटनमध्ये कायदा १९७९ मध्ये झाला. खिशात पैसे नसलेला वाचक ज्यांचा मुख्य आधार आहे, त्या लेखकांना ही पद्धत न्याय देते. ती सर्वत्र असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तक आलं तेव्हा कळलं की वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये मोठी माणसं उभी असतात. विकत घेणारे पालक, निवड करणारे शिक्षक, कपाटाची किल्ली असलेले ग्रंथपाल. चांगले ग्रंथपाल भेटले तर पुस्तक जगतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण एका शाळेने ठरलेली भेट ऐनवेळी रद्द केली. माझ्या कादंबरीत नायिका एका रात्री जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलते, एवढंच कारण होतं. मुलांच्या मनात असले विचार घालू नयेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला त्याचं फार दुःख झालं, कारण ते प्रकरण मी सर्वांत जास्त काळजीने लिहिलं होतं. समुपदेशकांना वाचायला दिलं होतं, त्यांच्या सल्ल्याने त्यातले तपशील गाळले होते, आणि नायिका ते कुणाशी तरी बोलते यावर भर दिला होता. मुलांच्या मनात हे विचार पुस्तकामुळे येत नाहीत. ते आधीच आलेले असतात, आणि पुस्तकात ते सापडले की मूल एकटं राहत नाही. ज्युडी ब्लूम यांची किशोरवयातल्या पहिल्या शारीरिक प्रेमावरची कादंबरी १९७५ मध्ये आली आणि अमेरिकेत पुढची कित्येक दशकं तिच्यावर शाळांमधून आक्षेप घेतले गेले. त्या गप्प बसल्या नाहीत, पुस्तकांवरच्या बंदीविरुद्ध उघडपणे बोलत राहिल्या. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी कचरायला झालं की मी त्यांची आठवण काढत असे.

मुलांची पत्रं हा या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग आहे. अमेरिकेचे रॉबर्ट कॉर्मियर यांनी १९७७ च्या आपल्या कादंबरीत एका मुलीचा म्हणून स्वतःच्या घरचा दूरध्वनी क्रमांक छापला होता. वाचक मुलं खरोखरच फोन करत, आणि ते बोलत. मी क्रमांक छापलेला नाही, पण प्रत्येक पत्राला उत्तर देते. बहुतेक पत्रांत शेवट असा का केला, याबद्दल तक्रार असते. काहींत मात्र असं काही असतं की ते पुस्तकाबद्दल नसतंच. अशा वेळी मी समुपदेशक व्हायचा प्रयत्न करत नाही. तू लिहिलंस हे चांगलं केलंस, आणि हे आजच जवळच्या एखाद्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, असं स्पष्ट लिहिते. पत्र गंभीर असेल तर ज्या शाळेतून ते आलं तिथे कळवते. शिक्षिका असल्यामुळे हे मला अंगवळणी होतं. नव्या लेखकांनी पहिलं पत्र येण्याआधीच हे ठरवून ठेवावं.

नोकरी मी तिसऱ्या पुस्तकानंतर सोडली. केवळ पुस्तकांवर निर्वाह होतो असं मी कुणाला सांगणार नाही. शाळांमधल्या कार्यशाळा, लेखनवर्ग आणि जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या यांवर माझं चालतं. नोकरी सोडल्यावर वर्ग सुटला आणि मुलं रोज दिसेनाशी झाली, त्याची उणीव सर्वांत जास्त जाणवली. म्हणून वाचनालयात मुलांचा एक वाचनगट चालवते. गटातली मुलं मोठी होऊन जातात, नवी येतात.

हिंटन यांना १९८८ मध्ये अमेरिकन ग्रंथपालांचा मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार मिळाला. एका लेखकाच्या आजवरच्या कुमारसाहित्यासाठी दिला जाणारा तो पुरस्कार त्या वर्षी सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. शाळकरी वयात लिहिणारी ती मुलगी तोवर चाळिशीला आली होती आणि तिच्या पुस्तकाचे वाचक अजून चौदा-पंधराचेच होते. माझ्या व्यवसायाचं यापेक्षा खरं चित्र मला माहीत नाही. मागचं यश नव्या वाचकाला ठाऊक नसतं. त्याच्यासाठी माझं प्रत्येक पुस्तक पहिलंच असतं, आणि त्याने ते पहिल्या पानापासून पारखून घ्यावं हे मला मनापासून योग्य वाटतं.

सध्याची कादंबरी एका सोळा वर्षांच्या मुलाची आहे. त्याचा मोठा भाऊ शिकायला बाहेर जातो आणि घरात हा एकटा उरतो. गेल्या महिन्यात वाचनगटातल्या मुलांनी पहिली दहा प्रकरणं वाचली. सातव्या प्रकरणावर बऱ्याच खुणा पडल्या. तिथे भाऊ सुटीला घरी येतो आणि दोघं मोकळेपणी बोलतात. गटातला एक मुलगा म्हणाला की एवढं सगळं ते एकाच रात्रीत बोलून टाकत असतील, तर पुढची पानं मी वाचायची कशाला? संपादकांशी बोलून मी ते संभाषण काढून टाकलं आहे. नव्या खर्ड्यात भाऊ येतो, सबंध सुटी स्वतःच्या मित्रांत असतो, आणि धाकटा ठरवतो की आता याला आपली गरज उरलेली नाही. हे खरं नाही, पण त्याला ते कळायला अजून बारा प्रकरणं आहेत, आणि ती मी आता नव्याने मांडते आहे.